वयोवृद्धांचे भारोत्तोलन

'साठी बुद्धी नाठी' ही म्हण कोणी रचिली ते आम्हांस ठाऊक नाही; पण रचणारा साठीच्या अलीकडचा असला पाहिजे, एवढे मात्र निश्चित. बुद्धीची ही वाट, तर शरीराची काय कथा! आपल्या घरांतून मनुष्य साठ वर्षांचा झाला, की सून त्याच्या हातातील पाण्याची बादली काढून घेते, नातू बाजाराची पिशवी घेतो, आणि मुलगा म्हणतो, "बाबा, तुम्ही बसा." या तिन्ही गोष्टींत प्रेम आहे याविषयी संशय नको. परंतु 'बसा' हा एकच शब्द दहा-पंधरा वर्षे ऐकत राहिलेल्या मनुष्यास पुढे बसल्या जागेवरून उठण्यासाठीच दुसऱ्याचा हात लागतो, हेही आपण नित्य पाहतो. जी गोष्ट घरात तीच सार्वजनिक समारंभात. जळगाव-धुळ्याकडे एखाद्या व्यायामशाळेचा वार्षिक उत्सव असला, की तेथील जुन्या जाणत्या मंडळींस शाल आणि श्रीफळ देऊन पहिल्या रांगेतील खुर्चीवर बसविण्यात येते. सत्कार झाला, पण व्यायाम संपला!

जगात मात्र आज याहून निराळा प्रकार रूढ झालेला आहे. ऑलिंपिक सामन्यांत ज्या पद्धतीने वजने उचलतात, त्याच पद्धतीने वजने उचलण्याच्या स्पर्धा पस्तिशीच्या पुढील आणि थेट ऐंशीच्या पलीकडील स्त्री-पुरुषांसाठी भरतात. या स्पर्धांस स्वतंत्र वयोगट आहेत आणि काटेकोर नियम आहेत. खानदेशातील कोणी आजोबा उद्या जागतिक पदक आणतील, अशी आशा दाखविण्यासाठी आम्ही हा विषय घेतलेला नाही. या नियमांत वृद्धांची कीव कोठेही केलेली नाही. त्यांत केवळ न्याय आहे. कीव आणि न्याय यांतील हा भेद आपल्या एकत्र कुटुंबांनी समजून घेण्याजोगा आहे, असे आम्हांस वाटते. आणि म्हणून हा परिचय.

प्रथम आपल्या शास्त्राकडे पाहू. वाग्भटाने अष्टांगहृदयाच्या सूत्रस्थानात व्यायामाचे गुण सांगून लगेच ज्यांनी तो वर्ज्य करावा त्यांची यादी दिली आहे. तीत बालक आणि अजीर्णाचा रोगी यांच्याबरोबर वृद्धही आहे. हा एक श्लोक पाठ असलेले गृहस्थ वाद जिंकल्याच्या समाधानाने पुन्हा आरामखुर्चीत पडतात. पण सुश्रुताने चिकित्सास्थानात काय म्हटले आहे, तेही वाचावयास हवे. व्यायाम करणाऱ्यावर जरा एकाएकी आक्रमण करीत नाही, असे तो स्पष्ट सांगतो. आणि पुढे वय, बल, शरीर, देश, काल व आहार या सहांचा विचार करून व्यायाम करावा, तसे न केल्यास रोग होतो, असे बजावतो. दोघांची संगती लावावयाची तर ती अशी लागते : वृद्धाने तरुणाच्या मापाचा व्यायाम करणे निषिद्ध, आपल्या वयाच्या मापाचा व्यायाम करणे विहित. सर्वांनी तो अर्ध्या शक्तीनेच करावा, ही मर्यादा आयुर्वेदाने घातलेलीच आहे. आणि ही अर्धी शक्ती शीतकाळी व वसंतात, इतर ऋतूंत त्याहून कमी, हेही वाग्भटाने सांगून ठेवले आहे. ज्या खानदेशात वैशाखात पारा पंचेचाळीस अंशांच्या आसपास खेळतो, तेथे या ऋतुविचाराचे महत्त्व निराळे सांगावयास नको.

वयाचा हा विचार केवळ वैद्यांनीच केला असे नाही. बाराव्या शतकात कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याने 'मानसोल्लास' नावाचा ग्रंथ सिद्ध केला. त्यातील मल्लविनोदाच्या प्रकरणात मल्लांचे वर्ग पाडलेले आहेत, ते वय, शरीराचा आकार आणि बल यांवरून. म्हणजे सर्वांस एकाच आखाड्यात एकमेकांवर सोडणे हा न्याय नव्हे, हे आपल्याकडे आठशे-नऊशे वर्षांपूर्वी राजदरबारी मान्य झालेले होते. पुढे समर्थ रामदासांनी गावोगाव मारुतीची स्थापना करून बलोपासनेस भक्तीचे स्थान दिले. त्या संप्रदायाची हस्तलिखिते शंकर श्रीकृष्ण देव यांनी जन्मभर हिंडून मिळविली. ती धुळ्याच्या श्रीसमर्थ वाग्देवता मंदिरात आहेत. आपल्या तालमींतून मारुतीची मूर्ती असते आणि बहुधा कोपऱ्यात दगडी नालही पडलेला असतो. हा नाल उचलण्याच्या पैजा जत्रेत लागतात. तेथे वय कोणी विचारीत नाही, वजन कोणी मोजीत नाही. ज्याने उचलला तो वीर आणि ज्याची कंबर धरली तो हास्यास पात्र! अशा पैजेत आणि नियमबद्ध स्पर्धेत काय अंतर आहे ते आता पाहू.

भारोत्तोलनात, म्हणजे आजच्या प्रचारातील वेटलिफ्टिंगमध्ये, दोनच प्रकार आहेत. पहिला स्नॅच : जमिनीवरील बार एकाच अखंड ओढीत दोन्ही हातांनी डोक्यावर न्यावयाचा. दुसरा क्लीन अँड जर्क : बार प्रथम खांद्यापर्यंत घ्यावयाचा, तेथे सावरून उभे राहावयाचे आणि मग पायांच्या जोराने तो डोक्यावर लोटावयाचा. पूर्वी 'प्रेस' नावाचा तिसराही प्रकार होता. पण त्यात उचलणारे कंबरेतून इतके मागे वाकू लागले, की खरे-खोटे ठरविणे पंचांस अशक्य झाले, आणि १९७२ च्या म्युनिक ऑलिंपिकनंतर तो काढून टाकण्यात आला. पुरुषांचा बार २० किलोचा, स्त्रियांचा १५ किलोचा. मंच चार मीटर लांब व चार मीटर रुंद. प्रत्येक प्रकारास तीन यत्न. नाव पुकारल्यावर एका मिनिटात बार जमिनीवरून सुटला पाहिजे; आपलाच यत्न लागोपाठ आला तर दोन मिनिटे मिळतात. तीन पंच बसतात. मान्य असल्यास पांढरा दिवा, अमान्य असल्यास तांबडा, आणि निर्णय बहुमताचा. दोन्ही प्रकारांतील उत्तम यत्नांची बेरीज हा अंतिम गुण.

हा केवळ बाहुबलाचा खेळ आहे असे कोणी समजू नये. कार्तिकी एकादशीस जळगावात श्रीरामाचा रथ निघतो, तो ज्यांनी पाहिला आहे त्यांस आमचे म्हणणे चटकन पटेल. एवढा प्रचंड लाकडी रथ ओढतात शेकडो हात. पण वळणावर त्याला वळवितात आणि उतारावर त्याला आवरतात ते चाकाखाली मोगरी लावणारे मोजके लोक. मोगरी कोणत्या क्षणी आणि कोणत्या अंगाने सरकवावी, हे ज्ञान दंडात नसते. ते वर्षानुवर्षांच्या सरावात असते. भारोत्तोलनातही बार अंगास लागून वर चढतो की दूर झोकांडतो, त्याखाली शिरण्याचा क्षण साधतो की चुकतो, यावर सारे अवलंबून. शक्ती वयाबरोबर उतरते. युक्ती तितक्या वेगाने उतरत नाही. म्हणूनच हा खेळ उतारवयातही खेळता येतो.

आता या खेळात न्यायाची कल्पना कशी वाढत गेली ते पाहणे मनोरंजक आहे. १८९६ साली अथेन्स येथे पहिले अर्वाचीन ऑलिंपिक सामने झाले, तेव्हा वजन उचलण्याच्या दोन स्पर्धा होत्या, एक एका हाताची आणि दुसरी दोन हातांची. पण शरीराच्या वजनाप्रमाणे गट असे नव्हतेच. दोन हातांच्या स्पर्धेत डेन्मार्कचा व्हिगो येन्सन आणि ब्रिटनचा लॉन्सेस्टन एलियट या दोघांनीही १११.५ किलो उचलले, आणि येन्सनची उचलण्याची रीत अधिक चांगली म्हणून त्यास पहिला ठरविले. एका हाताच्या स्पर्धेत एलियट पहिला आला. ऑलिंपिकमध्ये शरीराच्या वजनाप्रमाणे गट आले ते १९२० च्या अँटवर्पच्या सामन्यांत. हा पहिला न्याय. स्त्रियांची जागतिक स्पर्धा १९८७ साली सुरू झाली. ऑलिंपिकचे दार त्यांस उघडण्यास मात्र २००० साल उजाडावे लागले, आणि त्याच सिडनीच्या सामन्यांत आपल्या कर्णम मल्लेश्वरीने कांस्यपदक मिळविले. हा दुसरा न्याय. आणि १९८५ साली कॅनडातील टोरोंटो येथे पहिले जागतिक मास्टर्स क्रीडासामने झाले, त्यांत भारोत्तोलनास वयोगटांसह स्थान मिळाले. हा तिसरा न्याय.

'मास्टर्स' हा शब्द ऐकून आमच्या व्यवसायबंधूंनी हुरळून जाऊ नये. येथे मास्टर म्हणजे छडीवाला मास्तर नव्हे. पोक्त वयाचा, अनुभवी खेळाडू असा त्याचा अर्थ. चाळिशीनंतर तरुणांच्या बरोबरीने टिकणारे वीर विरळाच. अमेरिकेच्या नॉर्बर्ट शेमन्स्की याने १९६४ च्या टोकियो ऑलिंपिकमध्ये चाळिसाव्या वर्षी कांस्यपदक मिळविले; ते त्याचे चौथे ऑलिंपिक पदक होते. पण अपवादावरून नियम बांधता येत नाही. बाकीच्यांनी काय करावे, या प्रश्नाचे उत्तर म्हणजे मास्टर्स स्पर्धा.

या स्पर्धांतील पहिला नियम वयाचा. परंपरेने पस्तीस वर्षे ही प्रवेशाची सीमा, आणि तेथून पुढे पाच-पाच वर्षांचे गट : ३५ ते ३९, ४० ते ४४, असे करीत करीत ऐंशीच्या पुढे. वय मोजावयाचे ते जन्माच्या सालावरून; महिना व तिथी पाहावयाची नाही. १९६० साली जन्मलेला गृहस्थ, मग तो जानेवारीतला असो की डिसेंबरातला, २०२५ सालच्या कोणत्याही स्पर्धेत ६५ वर्षांचाच धरला जाईल आणि ६५ ते ६९ च्या गटात उतरेल. सर्वच खेळांत अशी रीत नाही. धावण्या-उड्या मारण्याच्या ज्येष्ठांच्या जागतिक स्पर्धेत प्रत्यक्ष जन्मदिवस पाहिला जातो. पाच वर्षांचाच गट का, याचेही कारण आहे. तरुणपणी पाच वर्षांत बळात फारसा फरक पडत नाही. सत्तरीनंतर मात्र ते झपाट्याने उतरू लागते, आणि तेव्हा दहा वर्षांचा गट म्हणजे काका आणि पुतण्या यांस एका रांगेत उभे करणे होय. येथे एक घोटाळाही दूर केला पाहिजे. पॉवरलिफ्टिंग नावाचा दुसरा खेळ आहे. त्यात बैठक, निजून छातीवरून वजन लोटणे आणि जमिनीवरून कंबरेपर्यंत उचलणे, असे तीन प्रकार असतात. त्याच्या आंतरराष्ट्रीय नियमांत ज्येष्ठांचे वय चाळीसपासून सुरू होते आणि सत्तरीपर्यंतचे गट दहा-दहा वर्षांचे असतात. व्यायामशाळांतून हे दोन्ही खेळ एकाच नावाने संबोधतात. इच्छुकाने आपण कोणत्या स्पर्धेत नाव घालीत आहो ते प्रथम विचारून घ्यावे.

दुसरा नियम शरीराच्या वजनाचा. स्पर्धेपूर्वी दोन तास वजन घेण्यास प्रारंभ होतो आणि ते काम एक तास चालते. वजनगटांचे आकडे आंतरराष्ट्रीय संघटना वेळोवेळी बदलीत असते. २०१८ मध्ये ते बदलले आणि २०२५ मध्ये पुन्हा बदलले. म्हणून जुने कोष्टक पाहून कोणी उपास करीत बसू नये. तरुण पैलवान शेवटच्या दिवशी पाणी तोडून किलो-दोन किलो उतरवितात. साठीच्या मनुष्याने, विशेषतः रक्तदाब किंवा मधुमेह असलेल्याने, हा मार्ग मुळीच धरू नये. एक गट वर चढून खेळणे यात काहीही कमीपणा नाही.

तिसरा नियम आम्हांस सर्वांत महत्त्वाचा वाटतो. कारण तो 'नाही' या शब्दाने सांगावा लागतो. उचलण्याच्या कृतीत ज्येष्ठांस कोणतीही सवलत नाही. बार तेवढाच, यत्न तेवढेच, पंच तेवढेच, दिवे तेच. कोपर वाकून मग सरळ झाले तर तांबडा दिवा. क्लीन करताना कोपर मांडीस वा गुडघ्यास लागले तर तांबडा दिवा. पंचांनी खूण करण्यापूर्वी बार सोडला तरी तांबडाच. सत्तर वर्षांच्या गृहस्थाकडे पाहून पंचास कितीही कळवळा आला, तरी दिव्यास कळवळा नाही. सवलत आहे ती एवढीच, की त्याची तुलना कोणाशी करावयाची ते ठरविलेले आहे. मापे बदलावयाची नाहीत, सोबत बदलावयाची : या एका सूत्रात या नियमांचे सारे तत्त्वज्ञान आले.

तथापि न्याय म्हणजे निष्ठुरता नव्हे. जुन्या मोडीमुळे वा सांध्याच्या व्यंगामुळे ज्याचे कोपर मुळातच पूर्ण सरळ होत नाही, त्याने स्पर्धेच्या आरंभीच ते पंचांस दाखवावयाचे असते. मग ते व्यंग दोष म्हणून मोजले जात नाही. हा नियम तरुणांसही आहे. पण साठ वर्षांच्या आयुष्यात हात एखादेवेळी मोडलाच नाही असे भाग्यवान थोडे, यास्तव त्याचा उपयोग ज्येष्ठांसच अधिक. आधी सांगितले तर व्यंग, मागून सांगितले तर सबब. हा भेद घराघरांतही उपयोगी पडण्यासारखा आहे.

चौथा नियम आरंभाच्या वजनाचा. नाव नोंदविताना आपण साधारण किती बेरीज करू ते लिहून द्यावे लागते, आणि पहिल्या यत्नांची वजने त्या आकड्यापासून फार खाली ठेवता येत नाहीत. खुल्या स्पर्धेत हे अंतर २० किलोंचे; पण ज्याची सारी बेरीजच साठ-सत्तर किलो, त्यास वीस किलोंचा नियम लावणे म्हणजे नियमच नसल्यासारखे. म्हणून ज्येष्ठांच्या स्पर्धांत ते टक्क्यांनी मोजतात : आरंभीच्या दोन वजनांची बेरीज नोंदविलेल्या बेरजेच्या ८० टक्क्यांहून खाली नको. याचा एक नैतिक उपयोगही आहे. मनुष्य कागदावर बढाई मारीत नाही. कारण त्या बढाईचे ओझे दुसऱ्या दिवशी त्यालाच उचलावयाचे असते! शिवाय वजन एकदा वाढविले, की कमी करून मागता येत नाही. ज्याचे पहिले वजन निर्वेध, त्याचे पुढचे दोन यत्न निश्चिंत.

अधिकाचा मोह तरुणांसही किती महाग पडतो, याचे आपल्याच महाराष्ट्रातील उदाहरण आहे. २०२२ साली बर्मिंगहॅमच्या राष्ट्रकुल सामन्यांत सांगलीच्या संकेत सरगर याने ५५ किलो गटात एकूण २४८ किलो उचलून रौप्यपदक मिळविले. सुवर्ण अवघ्या एका किलोने हुकले. त्यासाठी क्लीन अँड जर्कचा पुढील यत्न करीत असता त्याच्या कोपरास इजा झाली. राष्ट्राच्या पदकासाठी झुंजणाऱ्या तरुण वीराचे ते साहस शोभून दिसते. पण एकविशीतील सांधा पुन्हा जुळतो. पासष्टीतील सांधा विचार करीत बसतो. ज्येष्ठांनी या खेळात शेवटचा एक किलो पुढच्या वर्षासाठी राखून ठेवावा, हे बरे.

पाचवी गोष्ट औषधांची, आणि तिजकडे घरातील सर्वांनी लक्ष द्यावे. मादक व उत्तेजक द्रव्यांविषयीचे जागतिक नियम ज्येष्ठांसही लागू असतात. तरुणांच्या बाबतीत हा प्रश्न कपटाचा; ज्येष्ठांच्या बाबतीत तो बहुधा फडताळातील गोळ्यांच्या डब्याचा. रक्तदाबासाठी लघवीवाटे पाणी काढणारी जी गोळी कित्येक घरांत रोज सकाळी घेतली जाते, ती निषिद्ध यादीत आहे. कारण तिच्यामुळे वजन उतरविता येते आणि दुसरे द्रव्य लपविता येते. रक्तदाबाच्या कित्येक मिश्र गोळ्यांत हे औषध असते, आणि घेणाऱ्यास ते ठाऊकही नसते. मधुमेहाचे इन्सुलिनही त्याच यादीत आहे. मात्र मेटफॉर्मिनची गोळी निषिद्ध नाही. याचा अर्थ औषध सोडून मंचावर जावे असा मुळीच नव्हे. तसे करणे हा निव्वळ वेडेपणा ठरेल. उपचारार्थ सवलतीचा अर्ज डॉक्टरांच्या कागदपत्रांसह आधी करावयाचा असतो, आणि खऱ्या रुग्णास ती सवलत मिळण्याची सोय नियमांतच आहे. व्यायामशाळेत मिळणाऱ्या डब्यांतील चूर्णांविषयी मात्र आमचे मत कठोर आहे. ज्यात काय आहे ते विकणाराही सांगू शकत नाही, ते पोटात घालू नये. दूध, डाळ, शेंगदाणे आणि कळण्याची भाकरी ज्या प्रांतात आहे, तेथे त्या डब्यांचे काम काय?

आता प्रश्न उरतो तो सर्व गटांतून उत्तम कोण, हे ठरविण्याचा. चाळीस वर्षांच्या धिप्पाड मनुष्याची दीडशे किलोंची बेरीज थोर, की पंचाहत्तर वर्षांच्या किरकोळ मनुष्याची ऐंशी किलोंची? यासाठी कॅनडाचे गणिती रॉय सिंक्लेअर यांनी शरीराच्या वजनाप्रमाणे गुणक काढला, आणि पुढे मेल्टझर, मेलोन, हूबनर आदी अभ्यासकांनी वयाचा गुणक त्यास जोडला. हजारो स्पर्धकांच्या नोंदी पाहून कोणत्या वयात बळ किती उतरते याचे कोष्टक त्यांनी मांडले; आणि उचललेल्या वजनास त्या त्या वयाच्या गुणकाने गुणावयाचे. पंतोजींच्या भाषेत सांगावयाचे तर, १९५० सालचा रुपया आणि आजचा रुपया यांची तुलना जशी त्या त्या काळच्या भावांचा हिशेब घेतल्याशिवाय होत नाही, तसेच हे. आजोबांचे ऐंशी किलो हे ऐंशीच असतात. पण त्यांची किंमत निराळी असते.

स्त्रियांविषयी चार शब्द निराळे लिहिणे अवश्य आहे. त्यांचेही वयोगट तसेच आहेत. त्यांचा बार १५ किलोचा, म्हणजे पाण्याने काठोकाठ भरलेल्या पंधरा लिटरच्या बादलीएवढा. आणि घरगुती गॅसचा भरलेला सिलिंडर त्याच्या दुप्पट, सुमारे ३० किलोचा असतो. तो सिलिंडर दारातून स्वयंपाकघरापर्यंत कित्येक घरांत गृहिणीच सरकवीत नेतात, आणि तोही चुकीच्या रीतीने, कंबरेतून वाकून. तेव्हा 'स्त्रियांस वजन कशाला' हा आक्षेप निघतच नाही. वजन त्यांच्या वाट्यास आहेच, शिक्षण तेवढे नाही. पोशाखाची अडचण वाटत असेल, तर २०११ पासून आंतरराष्ट्रीय नियमांनी अंगभर पोशाखास मोकळीक दिलेली आहे. ऑस्ट्रेलियात ५८ वर्षांवरील, हाडे विरळ झालेल्या १०१ स्त्रियांवर एक प्रयोग झाला आणि २०१८ साली तो प्रसिद्ध झाला. आठवड्यातून दोनदा अर्धा तास, जाणकाराच्या देखरेखीखाली, आठ महिने जड वजनांचा व्यायाम केलेल्या स्त्रियांच्या पाठीच्या कण्याची घनता वाढली, आणि घरी हलका व्यायाम करणाऱ्यांहून त्या सरस ठरल्या. म्हातारपणी पाय घसरून खुब्याचे हाड मोडणे आणि त्यानंतर अंथरुणास खिळणे, ही कथा कोणत्या घरात घडलेली नाही? तिच्यावर उपाय देव्हाऱ्यात नाही. थोडासा तरी तालमीत आहे.

पुरुषांविषयीचा, किंबहुना सर्वांविषयीचा, याहून आश्चर्यकारक प्रयोग अमेरिकेत बोस्टन येथे झाला आणि १९९० साली प्रसिद्ध झाला. वृद्धाश्रमातील नव्वदीच्या दहा दुर्बल वृद्धांस आठ आठवडे पायांनी वजन उचलण्याचा व्यायाम दिला. ज्या नऊ जणांनी तो पुरा केला, त्यांच्या पायांची शक्ती सरासरीने १७४ टक्क्यांनी वाढली. नव्वदाव्या वर्षी स्नायू शिकण्यास तयार असतो, तर साठाव्या वर्षी त्यास पेन्शन का द्यावे?

यावर दोन आक्षेप येतील. एक, हे वय देवधर्माचे आहे, मांड्या थोपटण्याचे नव्हे. त्यास आमचे उत्तर असे, की शरीर हे धर्माचे आद्य साधन आहे, हे आपणच मुलांस शिकवीत आलो. औंधचे राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी सूर्यनमस्काराचा नेम वार्धक्यातही सोडला नाही, आणि त्यांच्या धार्मिकतेविषयी कोणी शंका घेतलेली नाही. दुसरा आक्षेप अधिक गंभीर : अपघात झाला तर? तो होऊ शकतो. म्हणूनच नियम आहेत, आणि म्हणूनच आधी डॉक्टर, मग शिक्षक, मग रिकामा बार, आणि शेवटी वजने, हा क्रम कोणी मोडू नये. हृदयविकार, आवाक्यात नसलेला रक्तदाब, डोळ्यांतील पडद्याचा विकार किंवा हर्निया असणाऱ्याने वैद्यकीय परवानगीवाचून बारास स्पर्शही करू नये.

शेवटी आमच्या प्रांतापुरती एक सूचना. जळगाव व धुळे जिल्ह्यांतील व्यायामशाळांनी आपल्या वार्षिक सामन्यांत ज्येष्ठांचे दोन-चार वयोगट ठेवावेत. काळ मार्गशीर्ष-पौषाचा असावा, चैत्र-वैशाखाचा नको; हनुमान जयंतीचा मोह झाला तरी आवरावा. नाव घेताना जन्मसालाचा दाखला आणि डॉक्टरांची चिठ्ठी मागावी, आणि निदान सहा महिने शिक्षकाखाली सराव केलेल्यासच उतरू द्यावे. बैठका आणि हलक्या दांडीचा सराव ही पहिल्या वर्षाची मर्यादा असली तरी हरकत नाही. पैज नसावी, पैसा नसावा. गटात एकच स्पर्धक आला, तर त्याची तुलना त्याच्याच मागील वर्षाच्या आकड्याशी करावी. कारण वृद्धाचा खरा प्रतिस्पर्धी शेजारी उभा नसतो, तो मागच्या वर्षात उभा असतो. आणि पंचांनी मात्र कोणाचीही भीड धरू नये. ज्या दिवशी एखाद्या आजोबांस भर सभेत तांबडा दिवा मिळेल, आणि ते रागावून न जाता पुन्हा यत्न करण्यासाठी हातास खडूची पूड लावतील, त्या दिवशी हा उपक्रम आपल्याकडे रुजला असे समजावयास हरकत नाही.